घरातला आनुवंशिक आजार: तपासणीपासून नातेवाइकांना सांगण्यापर्यंत

आनुवंशिक आजाराचं निदान झालं की घरातून पहिला प्रश्न येतो तो बहुतेक वेळा उपचारांचा नसतो. 'हे कोणाकडून आलं?' असा असतो. तपासणाऱ्यांच्या दृष्टीने ती निव्वळ माहिती आहे. आईकडून की वडिलांकडून हे कळलं की पुढे कोणत्या बाजूच्या नातेवाइकांना तपासायचं ते ठरतं. घरात मात्र त्याच प्रश्नाला आरोपाची धार येते. जनुकीय समुपदेशनाच्या कामात सगळ्यांत जास्त वेळ जातो तो हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडवण्यात. आपल्या पेशींतल्या जनुकांत कोणता बदल आहे आणि तो मुलाकडे गेला की नाही, यावर कोणाचाच ताबा नसतो. तो कळल्यावर कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, कोणावर सक्ती करायची नाही, हे मात्र हातात असतं. घरं बहुधा उलटं करतात. जे हातात नव्हतं त्याबद्दल वर्षानुवर्षं स्वतःला बोल लावत राहतात आणि जे हातात आहे ते 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकलतात. तपासणी टप्प्याटप्प्याने कशी होते आणि कुठे अडते, ते म्हणूनच सविस्तर मांडते आहे.

सुरुवात कागद-पेन्सिलीने होते. पहिल्या भेटीत किमान तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढला जातो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी व्यक्तीची आकृती भरीव, वारलेल्या व्यक्तीवर तिरकी रेघ, नात्यात लग्न झालेल्या जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. ज्या व्यक्तीमुळे चौकशी सुरू झाली तिच्या आकृतीकडे बाण. प्रत्येकाबद्दल विचारतात ते असं: आजार कितव्या वर्षी दिसला, मृत्यू कितव्या वर्षी आणि कशाने झाला, गर्भपात किती झाले, तान्ही मुलं गेली का. ही माहिती भेटीच्या आधी जमवावी, आणि विचारायला घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईपासून सुरुवात करावी. कोणी काही लिहून ठेवलेलं नसतं तेव्हा बाळंतपणं, गेलेली मुलं आणि लांबलेली आजारपणं बहुतेक वेळा त्यांच्याच लक्षात असतात.

ऐकीव निदानं मात्र जशीच्या तशी उतरवून घेऊ नयेत. 'पोटाचा कॅन्सर' म्हणजे जठराचा, आतड्याचा की बीजांडकोशाचा, यावर पुढे कोणती जनुकं तपासायची ते अवलंबून असतं. 'दारूपायी तोल जायचा, शेवटी डोकंही फिरलं' असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं त्या आजोबांना हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार असू शकतो. पोहता येत असूनही बुडालेला तरुण मुलगा किंवा 'फिट येऊन गेली' अशी नोंद असलेली मुलगी यांच्यामागे हृदयाच्या ठोक्यांचा लाँग क्यूटी हा आनुवंशिक दोष निघू शकतो. जुने बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, मृत्यूचे दाखले मिळतील तेवढे सोबत न्यावेत. एक चूक फार घरांत होते. स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरची चौकशी करताना फक्त आईच्या माहेरची माणसं आठवली जातात. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांतला बदल वडिलांकडूनही तेवढ्याच शक्यतेने येतो. वडिलांना बहिणीच नसतील तर तो एखाद-दोन पिढ्या कोणाच्या लक्षातही येत नाही.

वंशवृक्ष काढतानाच काही झाकलेल्या गोष्टी वर येतात. कोणाला तरी दत्तक घेतलेलं असतं, एखादं मूल पहिल्या लग्नातलं असतं, एखाद्याचे जैविक वडील वेगळे असतात. अनेकांचे नमुने एकत्र तपासले की हे रिपोर्टमधून उघड होऊ शकतं. म्हणून समुपदेशकाला प्रत्येकाशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्यावं. सांगण्यासारखं काही असेल तर ते रक्त देण्याआधी, बाकीचे खोलीत नसताना सांगावं. रिपोर्ट आल्यावर ते सावरणं फार कठीण जातं.

मग आकडे येतात. प्रत्येक जनुकाच्या सहसा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एका प्रतीतल्या बदलाने होणाऱ्या आजारात, म्हणजे हंटिंग्टन किंवा बीआरसीएसारख्यांत, प्रत्येक अपत्याकडे तो बदल जाण्याची शक्यता ५० टक्के. थॅलेसेमिया, सिकल सेल, सिस्टिक फायब्रोसिस यांसारख्या आजारांत दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एकच प्रत बिघडलेली असलेला माणूस स्वतः आजारी नसतो, त्याला वाहक म्हणतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची २५ टक्के. अशा रुग्णाचा जो भाऊ किंवा बहीण आजारी नाही, ती व्यक्ती वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश असते. अर्धी म्हणून सांगितली जाते ते चूक आहे, कारण आजारी असण्याची चौथी शक्यता तिच्याबाबतीत आधीच बाद झालेली असते. एक गैरसमज तर इतका चिवट आहे की तो प्रत्येक भेटीत पुसावा लागतो: 'पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली.' फासा दरवेळी नव्याने पडतो, मागचं दान त्याला ठाऊक नसतं.

अपराधीपणाचं ओझंही या आकड्यांप्रमाणे वाटलं जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दोघे वाहक असतात तेव्हा बदल दोन्हीकडून आलेला असतो, त्यामुळे जोडप्यातले आरोप थोडे लवकर निवतात. अशा घरांत मी एक गोष्ट आवर्जून सांगते. कोणत्या ना कोणत्या आजाराचे असे काही बदल प्रत्येक माणसाकडे असतात. फरक एवढाच की जोडीदाराकडे त्याच जनुकात बदल नसला तर ते आयुष्यभर कळत नाहीत. सगळ्यांत कठोर वाटणी होते ती एक्स गुणसूत्रावरच्या आजारांत. ड्युशेन स्नायुविकार किंवा हिमोफिलिया असलेल्या मुलाची आई वाहक निघाली की सगळं बोट तिच्याकडे वळतं. तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. तिच्या बहिणींनाही तपासायला हवं, पण ते सांगायची जबाबदारी जिच्यावर येते तीच त्या वेळी कोलमडलेली असते. ड्युशेनच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत बदल नव्याने घडलेला असतो, आईकडून आलेला नसतो. त्यामुळे तिची तपासणी होण्याआधीच 'तुझ्याकडून आलं' हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. उलट बाजूही सांगायला हवी. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी तिच्या काही बीजपेशींत तो असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणातला धोका शून्य धरत नाहीत. आणि ड्युशेनची वाहक ठरलेल्या आईने स्वतःच्या हृदयाचीही नियमित तपासणी करून घ्यायची असते, कारण वाहक स्त्रियांच्या हृदयाचा स्नायू अशक्त होऊ शकतो. मुलाच्या धावपळीत आई स्वतःची इकोकार्डिओग्राफी वर्षानुवर्षं राहू देते. तिथे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तारीख लक्षात ठेवायची असते.

आता प्रत्यक्ष टेस्ट. पहिला नमुना आजारी व्यक्तीचा. निरोगी माणसं घाबरून आधी आपलं रक्त देऊन येतात आणि 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट घेऊन निश्चिंत होतात. घरातला नेमका बदल कोणता ते माहीत नसताना त्या रिपोर्टला फारसा अर्थ नसतो. आजार भलत्याच जनुकातला असू शकतो, किंवा ती टेस्ट पकडू शकत नाही अशा प्रकारचा. आजारी माणसात बदल सापडला, की बाकीच्यांत तेवढी एकच जागा बघायची असते. ती टेस्ट स्वस्त, जलद असते आणि तिचं उत्तर बहुधा स्पष्ट हो किंवा नाही असं येतं. आजारी व्यक्ती शेवटच्या टप्प्यात असेल तर तिच्या संमतीने डीएनए काढून साठवून ठेवण्याची विनंती करावी. हे विचारणं कोणाच्याच जिवावर येतं, तरी ते विचारावं. त्या एका नळीअभावी पुढच्या पिढीचा शोध अंधारात होतो.

नमुना म्हणजे जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन ते पाच मिलिलिटर रक्त, किंवा लाळ. उपाशी राहायची गरज नाही. ज्याचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आहे त्याचं रक्त मात्र चालत नाही, कारण त्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. अशा वेळी त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवतात. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तेही आधी सांगावं.

कोणती टेस्ट, हा प्रश्न डॉक्टरांवर सोडला तरी त्यातल्या मर्यादा घराला माहीत असाव्यात. ड्युशेनमध्ये जनुकाचा मोठा भाग गळालेला किंवा दुहेरी झालेला असणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार, म्हणून आधी असे गळालेले-दुहेरी झालेले भाग शोधणारी एमएलपीए ही टेस्ट करतात. ती कोरी आली तर डीएनएचं अक्षर-अक्षर वाचणारं सिक्वेन्सिंग. हंटिंग्टन आणि बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या फ्रॅजाइल एक्समध्ये तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येऊन साखळी लांबलेली असते. बहुतेक सगळी जनुकं एकदम वाचणाऱ्या नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये ती विश्वासाने मोजता येत नाही. 'सगळी जनुकं तपासली, सगळं नॉर्मल आहे' या समाधानात असलेल्या घराला हे कोणी सांगितलेलं नसतं. थॅलेसेमियाच्या वाहकासाठी सुरुवात साध्या सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीने होते. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी टेस्टवर त्यातला एचबीए२ हा प्रकार बघतात, आणि ते ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक धरतात. अंगात लोह कमी असेल तर एचबीए२ खाली येऊन वाहकपण झाकलं जाऊ शकतं. अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकात तर ते वाढतच नाही. म्हणून काठावरचा आकडा आला की जनुकाची टेस्ट करून घ्यावी.

रिपोर्टवर बदलाचा दर्जा लिहिलेला असतो. दर्जे पाच: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला दर्जा, ज्याला सगळे व्हीयूएस म्हणतात, घरात सर्वाधिक गोंधळ घालतो. 'काहीतरी सापडलं' एवढंच डोक्यात राहतं आणि भावंडं आपापल्या रक्तात तेच शोधायला निघतात. व्हीयूएसच्या आधारावर शस्त्रक्रिया, गर्भपात किंवा लग्नाचा निर्णय घेऊ नये. असे बदल पुढे माहिती वाढल्यावर बहुतांशी निरुपद्रवी ठरतात. आई-वडिलांच्या किंवा आजारी नातेवाइकांच्या तपासणीतून त्या बदलाचा अर्थ लागण्यासारखा असेल तर प्रयोगशाळाच तसं सुचवते. तेवढ्यापुरतीच इतरांची टेस्ट करावी.

संमतीपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी तोंडी विचारून घ्याव्यात. शोधत असलेल्या आजाराखेरीज दुसरं काही गंभीर सापडलं तर मला कळवणार का? मला कळायला नको असेल तर तसं लिहून देता येतं का? रिपोर्ट येईपर्यंत मी हयात नसलो तर तो कोणाला द्यायचा? आणि आयुर्विम्याच्या अर्जात या टेस्टबद्दल विचारलं तर कायदा काय म्हणतो? शेवटचं उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत २००८ साली झालेला जिना कायदा आरोग्यविमा आणि नोकरी यांना संरक्षण देतो, आयुर्विम्याला देत नाही. म्हणून हा प्रश्न आधीच विचारावा, रिपोर्ट हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

आजार अजून झालेला नाही, पण होईल का ते आधीच बघायचं, ही तपासणी या सगळ्याहून वेगळी आहे आणि तिच्यावर थांबायला हवं. तिची रीत हंटिंग्टनच्या आजारावरून बसली. या आजारात हालचाली, विचार आणि स्वभाव हळूहळू बिघडत जातात. लक्षणं बहुतेकदा ३० ते ५० या वयात, म्हणजे मुलं होऊन गेल्यावर दिसतात आणि मूळ आजार थांबवणारा उपचार हाती नाही. १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर त्याची खूण सापडली आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक. त्यात सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती मोजतात. २६ पर्यंत नेहमीची, ४० आणि त्याहून जास्त असेल तर पुरेसं आयुष्य लाभल्यास आजार होणारच. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणारही नाही. २७ ते ३५ असलेल्या व्यक्तीला सहसा आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत जाताना, विशेषतः वडिलांकडून जाताना, संख्या वाढून आजाराच्या टप्प्यात पोहोचू शकते. हे चार टप्पे रक्त देण्याआधी समजलेले असावेत. बहुतेक जण 'हो' किंवा 'नाही'ची तयारी करून येतात आणि ३७ हा आकडा ऐकून नि:शब्द होतात.

प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते. पहिली भेट माहितीची. मग मज्जातंतूंची तपासणी, कारण लक्षणं सुरू झालेली असतील तर प्रश्नच बदलतो. मग मानसिक स्थितीबद्दलचं बोलणं: पूर्वी नैराश्य आलं होतं का, जीव द्यावासा वाटला होता का, सध्या घटस्फोट, नोकरी जाणं, जवळच्याचा मृत्यू असं काही चालू आहे का. त्यानंतर विचाराला वेळ आणि मगच रक्त. निकाल फोनवर किंवा ईमेलने द्यायचा नाही, समोर बसवून द्यायचा, आणि सोबत एक माणूस हवा. हा सोबती शक्यतो भावंड नसावा. त्याच्या डोक्यावरही तोच ५० टक्क्यांचा धोका असतो, त्यामुळे तो तुमचा निकाल ऐकताना स्वतःचाच ऐकत असतो. निकालाची तारीख ठरल्यावरही 'मला ऐकायचं नाही' म्हणून परत फिरण्याचा हक्क शेवटच्या क्षणापर्यंत असतो. तो हक्क वापरणाऱ्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. धोका असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक ही टेस्ट करून घेतच नाहीत. अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईचा मृत्यू याच आजाराने झाला. व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि त्या कामातून हे जनुक सापडायला मदत झाली. स्वतःबद्दल मात्र त्या दीर्घकाळ काही बोलल्या नाहीत. आपल्याला हा आजार असल्याचं त्यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितलं. जिने जगाला ती टेस्ट मिळवून द्यायला हातभार लावला तिलाही स्वतःचं उत्तर किती काळ आपल्यापाशी ठेवायचं हे ठरवायचा अधिकार होता.

एकाच्या निकालाने दुसऱ्याचा निकाल उघड होतो, ही यातली खरी अडचण. आजोबांना हंटिंग्टन, वडिलांना जाणून घ्यायचं नाही, आणि पंचविशीतल्या मुलीला लग्नाआधी टेस्ट हवी आहे. तिचा निकाल 'आहे' आला तर वडिलांचाही आपोआप कळला. एकसारख्या जुळ्यांत तर एकाची टेस्ट म्हणजे दोघांची टेस्ट. अशा वेळी मुलीला नकार देणं मला पटत नाही, पण वडिलांशी आधी बोलून घेणं तिच्यावर बंधनकारक आहे असं मी मानते. बोलणं 'बाबा, मी टेस्ट करते आहे' एवढ्यावर थांबू नये. निकाल आला तर तुम्हाला कळवायचा की नाही, न कळवता घरात वागणं आपल्याला जमेल का, आईला सांगायचं का, हे स्पष्ट ठरवून घ्यावं. मुलीचा चेहरा वाचायला वडिलांना रिपोर्ट लागत नाही, हेही तिला आधीच सांगते.

'नाही' असा निकाल म्हणजे आनंद, असं सगळे धरून चालतात. तो आनंद असतोच, पण काही आठवड्यांनी बरेच जण खचून येतात. भावाला आहे आणि मला नाही, याची लाज वाटते. काही जणांनी 'आपल्यालाही होणार' असं धरून शिक्षण, लग्न, बचत सगळं सोडून दिलेलं असतं आणि आता त्या निर्णयांचं करायचं काय ते कळत नाही. म्हणून निकालानंतरची भेट 'नाही' आलेल्यांनीही चुकवू नये. 'आहे' आलेल्यांना पहिल्या दिवशी ऐकलेलं फारसं आठवत नाही, त्यांच्या सोबत्याने टिपण ठेवावं. ज्या भावंडांचे निकाल वेगळे येतात त्यांनी सुटलेल्याला 'आता आई-वडिलांचं तूच बघ' असं लगेच नेमून टाकू नये. ही वाटणी घरात न बोलता होते आणि पुढे तिच्यातूनच नाती तुटतात.

लहान मुलांचा प्रश्न इथेच येतो. प्रौढपणी होणाऱ्या आणि आधी काही करण्यासारखं नसलेल्या आजारांची टेस्ट मुलांवर करत नाहीत. आई-वडिलांचा जीव टांगणीला लागलेला असतो हे खरं, पण ते उत्तर त्या मुलाच्या मालकीचं आहे आणि मोठं झाल्यावर त्याला ते नको असू शकतं. जिथे लहानपणीच काही करता येतं तिथे मात्र उलट. एपीसी जनुकामुळे आतड्यात शेकडो गाठी होणाऱ्या घरात मुलांची आतड्याची तपासणी १० ते १२ वर्षांपासून सुरू करावी लागते, म्हणून टेस्ट त्याआधी हवी. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात जन्मानंतर लगेच. आनुवंशिक वाढलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये औषधाचा विचार ८ ते १० वर्षांपासून. थायरॉइडच्या कॅन्सरच्या एका आक्रमक आनुवंशिक प्रकारात तर ग्रंथी पहिल्या वर्षातच काढतात. टेस्ट करायची नसली तरी मुलांशी बोलणं थांबवायचं नसतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'आजीचा हात तिच्या मनाविरुद्ध हलतो, ती रागावलेली नाही' एवढं पुरतं. हे कोणाच्याही वागण्यामुळे झालेलं नाही आणि सर्दीसारखं लागत नाही, हे दोन मुद्दे मात्र पहिल्याच बोलण्यात यावेत. आपणच काहीतरी केलं म्हणून आई आजारी पडली असं मुलं मनात धरून बसतात. 'हे मलाही होईल का?' असं मूल विचारेल तेव्हा खोटं बोलू नये. 'होऊ शकतं, नक्की माहीत नाही, मोठं झाल्यावर तुला हवं तर बघता येईल' हे उत्तर दहा-बारा वर्षांचं मूल पेलतं. मोठ्यांच्या कुजबुजीतून कळलेलं मात्र त्याला पेलत नाही.

नातेवाइकांना सांगणं हा सर्वांत चुकवला जाणारा टप्पा. डॉक्टर रुग्णाच्या परवानगीशिवाय सहसा कोणाला कळवत नाहीत, त्यामुळे ही वाट रुग्णाच्या तोंडूनच जाते. गोपनीयता आणि दुसऱ्याचा जीव यांच्यातला हा पेच न्यायालयांपर्यंत गेला आहे. ब्रिटनमधल्या एका खटल्यात वडिलांना हंटिंग्टनचं निदान झालं, त्यांनी गरोदर मुलीला सांगायला नकार दिला आणि तिला ते बाळंतपणानंतर कळलं. पुढे तिलाही तोच बदल असल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी आपल्याला सांगायला हवं होतं म्हणून तिने दावा लावला. २०२० साली तिथल्या उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात डॉक्टरांची चूक मानली नाही, पण रुग्णाची गोपनीयता आणि धोक्यातल्या नातेवाइकाचं हित यांचा तोल तपासणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे हे मान्य केलं. कायद्याचं काहीही असो, ज्याला माहिती आहे त्याने ती धोक्यात असलेल्यापर्यंत पोहोचवायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पोहोचवल्यावर पुढे त्याने काय करावं, हे मात्र त्याच्यावर सोडायचं.

पोहोचवण्याची पद्धत अशी ठेवावी. आधी वंशवृक्षावर धोक्यातल्या माणसांना खूण करावी आणि त्यात सर्वांत घाईचं कोण ते बघावं. घरात कोणी गरोदर असेल तर ती पहिली, कारण गर्भात बदल आहे का ते बघण्यासाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १४ आठवड्यांत घेतात आणि गर्भजल १५ आठवड्यांनंतर. वेळ हातातून निघून जातो. मग ज्यांचं वय तपासण्या सुरू करण्याचं आहे ते. बीआरसीएच्या घरात वाहक स्त्रियांची स्तनांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू होते. बीजांडकोश काढण्याचा सल्ला बीआरसीए१ मध्ये मुलं होऊन गेल्यावर ३५ ते ४० या वयात आणि बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत दिला जातो. ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता दोन्हींत सुमारे ७० टक्के, बीजांडकोशाचा अनुक्रमे सुमारे ४४ आणि १७ टक्के. हे आकडे मावसबहिणीला सांगायचे ते घाबरवायला नव्हे, तिच्याकडे वेळ आहे हे कळावं म्हणून. आणि पुरुषांनाही सांगायचं. पुरुषांत धोका कमी असला तरी बदल त्यांच्या मुलींकडे जाऊ शकतो, आणि बीआरसीए२ असलेल्यांना प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावं लागतं.

आधी फोन किंवा भेट, मागोमाग पत्र. समुपदेशकाकडून एक पानाचं पत्र तयार करून घ्यावं. त्यात जनुकाचं नाव, बदलाची नेमकी नोंद, दर्जा, प्रयोगशाळा, कोणाकोणाला धोका असू शकतो आणि टेस्टसाठी कुठल्या प्रकारच्या विभागात जायचं, एवढं असावं. बदलाच्या नेमक्या नोंदीशिवाय नातेवाइकाची टेस्ट पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून 'आम्हाला बीआरसीए आहे' एवढा निरोप अर्धवट. पत्रात दुसऱ्या कोणा भावंडाचा निकाल लिहायचा नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकू नये. तिथे एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं की बाकीच्यांना विचारायची सोय राहत नाही. फोनवरचं बोलणं थोडकंच असावं: 'आमच्या घरात एक आनुवंशिक बदल सापडलाय. तो तुझ्यातही असू शकतो, नसूही शकतो. तपासायचं की नाही ते तुझं तू ठरव. माहिती हवी असेल तर पत्र पाठवते, आत्ता नको असेल तरी माझ्याकडे ते आहे.' मग थांबावं. समोरून राग येतो, 'आमच्याकडे असं काही नाही' येतं, कधी महिनोन् महिने शांतता येते. पुन्हा एकदा आठवण करावी, त्याहून जास्त नाही. ज्या चुलत्याशी वीस वर्षं बोलणं नाही त्याच्यासाठी मधला माणूस शोधावा किंवा नुसतं पत्र पाठवावं. कोणाला, कधी, कसं सांगितलं याची तारखेसह नोंद ठेवावी. पुढे 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' म्हटलं जातं तेव्हा ती सांगणाऱ्याला स्वतःच्या मनाशीही कामी येते.

जोडीदाराला सांगायचं ते नातं गंभीर झालं की, मुलांचा विचार सुरू होण्याआधी. मूल हवं असणाऱ्यांपुढे वाटा अनेक असतात: काहीही न तपासता मूल होऊ देणं, गरोदरपणात तपासणं, दात्याचं बीज वापरणं, दत्तक घेणं, किंवा प्रयोगशाळेत गर्भ तयार करून पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यातल्या काही पेशी तपासणं. शेवटच्या वाटेबद्दल अपेक्षा फार असतात. तिच्यासाठी घरातल्या बदलाप्रमाणे टेस्ट आधी जुळवून घ्यावी लागते, त्यात आठवडे ते महिने जातात. तपासणीत निरोगी ठरणारे गर्भ कमी उरतात, त्यातला प्रत्येक रुजत नाही आणि रुजल्यावरही गरोदरपणात खात्री करून घ्यायचा सल्ला देतात. हंटिंग्टनच्या घरात स्वतःचा निकाल न ऐकताही बदल नसलेला गर्भ निवडता येतो, हे अनेकांना माहीत नसतं.

या निर्णयांत एक माणूस गप्प ऐकत असतो: ज्याला तो आजार आहे तो. 'असं मूल नको' हे वाक्य व्हीलचेअरवरच्या भावासमोर बोललं गेलं की त्याला 'तू नको होतास' असं ऐकू येतं. निर्णय जोडप्याचाच, पण तो भावाला आधी, एकट्याने, त्याच्याशी बोलून सांगावा. त्याचं मत विचारावं, त्याची परवानगी मागू नये, कारण मग ओझं त्याच्या खांद्यावर जातं. अशा बोलण्यानंतर 'तुमच्या जागी मी असतो तर मीही टेस्ट केली असती' असं म्हणणारे आणि 'माझ्या आयुष्यात एवढं वाईट काय आहे?' असं विचारणारे, दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. दुसऱ्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये.

आई-वडिलांचा अपराधीपणा एका भेटीत जात नाही, आणि 'तुमचा काही दोष नाही' हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून तर नाहीच. त्यांना करण्याजोगं काम दिलं की तो सैल होतो असा माझा अनुभव आहे: बहिणींना फोन करणं, मुलाच्या तपासण्यांचं वेळापत्रक सांभाळणं, जुने रिपोर्ट जमवणं. झोप उडाली, मुलाकडे बघणंच नकोसं झालं, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं तर ते समुपदेशकाच्या हाताबाहेरचं आहे. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावं.

घरात एक फाइल असावी. तिच्यात मूळ रिपोर्ट, नातेवाइकांसाठीचं पत्र, वंशवृक्षाची प्रत, डीएनए साठवला असेल तर कुठे आणि कोणाच्या नावे, आणि सांगितलेल्यांची नोंद. व्हीयूएस असलेल्यांनी दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला किंवा समुपदेशकाला बदलाचा दर्जा बदलला का ते विचारावं, कारण तो बदलल्यावर ते स्वतःहून कळवतीलच असं नाही. मोबाइल नंबर किंवा पत्ता बदलला तर तोही विभागाला कळवावा. घरात बाळ जन्मलं, नवीन निदान झालं किंवा कोणी वारलं की वंशवृक्षात भर घालावी आणि ही फाइल कुठे ठेवली आहे ते पुढच्या पिढीतल्या किमान दोघांना सांगून ठेवावं.